पुण्यातून चालणाऱ्या माझ्या मराठी पाककृतींच्या साइटवर जर्मनीतले काही वाचक येतात. मला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू होतो का? कुकी बॅनर (वाचकाच्या ब्राउझरमध्ये माहितीच्या छोट्या फाइली, म्हणजे कुकीज, ठेवायची परवानगी मागणारी पट्टी) लावावाच लागेल का?

नुसते वाचक येतात म्हणून लागू होत नाही. मे २०१८ पासून अमलात असलेल्या या कायद्याचं कलम ३ नागरिकत्व विचारतच नाही. माणूस युरोपीय संघाच्या हद्दीत असताना तुम्ही मुद्दाम त्याला माल किंवा सेवा देऊ करताय का, किंवा त्याच्या तिथल्या वागण्यावर लक्ष ठेवताय का, एवढंच बघतात. मजकूर मराठीत, दर रुपयांत, म्हणजे पहिल्या अटीतून तुम्ही बहुतेक सुटलात. उद्या 'दिवाळी फराळ म्युनिकला घरपोच' म्हणत युरोत दर लावलेत की अडकलात.

खरी गोम दुसऱ्या अटीत आहे. थालीपीठ किती जणांनी वाचलं याची मोजदाद वेगळी, वाचकाचा माग काढून त्याच्या आवडीच्या जाहिराती दाखवणं वेगळं. ॲडसेन्स ही गूगलची जाहिरात सेवा लावली असेल तर कायद्याचा कीस पाडतच बसू नका. युरोपातल्या वाचकाची संमती घ्या, ही गूगलची स्वतःची अट आहे, आणि जानेवारी २०२४ पासून ती त्यांनी प्रमाणित केलेल्या साधनातूनच घ्यावी लागते. कायद्याआधी हा करारच तुमच्या दारात येतो.

बॅनर लावलात तर तो खरा असू द्या. मी साइट तपासते तेव्हा आधी ब्राउझरचं डेव्हलपर टूल्स उघडून कुकीजची यादी बघते. 'मान्य' दाबायच्या आधीच ॲनालिटिक्सची, म्हणजे वाचक मोजणाऱ्या साधनाची, कुकी तिथे बसलेली असते, इतक्या साइट्सवर की आता हसूही येत नाही. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. नकार देणं स्वीकारण्याइतकं सोपं नव्हतं म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी युरो दंड केला.

पुण्यापर्यंत दंड वसूल करायला कोण येणार, हा प्रश्न रास्त आहे. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीला याच कायद्याखाली नेदरलँड्सने २०२४ मध्ये ३ कोटी ५ लाख युरोंचा दंड ठोठावला, तर कंपनीने तो अंमलातच आणता येणार नाही म्हणून सांगितलं. तुमच्या साइटसाठी कोणी एवढा खटाटोप करेल असं मला वाटत नाही.

तुमच्या जागी मी असते तर जाहिराती नसल्यास कुकीविना चालणारं मोजणीचं साधन लावलं असतं आणि बॅनरची कटकटच ठेवली नसती.