रोलर फर्लिंग असलेल्या बोटीवर क्रूझिंग स्पिनेकर कसा बांधावा?

पुढे रोलर फर्लिंग (पुढचे शीड, म्हणजे जेनोआ, गुंडाळून ठेवण्याची यंत्रणा) असताना स्पिनेकरचा (मोठ्या, हलक्या नायलॉनच्या शिडाचा) टॅक, म्हणजे पुढचा खालचा कोपरा, फर्लरच्या ड्रमला (दोर गुंडाळणाऱ्या खालच्या भागाला) बांधावा का आणि जेनोआचाच जादा हॅलयार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) त्यासाठी वापरावा का, असे आपण विचारले आहे. दोन्ही गोष्टी टाळाव्यात, असे माझे मत आहे. हे शीड केवळ तीन कोपऱ्यांवर उभे असते, त्यामुळे ते तिन्ही कोपरे आणि त्यांचे दोर फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार), पुलपिट (पुढच्या टोकाचा कठडा) व लाइफलाइन (कडेच्या सुरक्षा तारा) यांच्या बाहेरून मोकळे फिरले पाहिजेत.

बहुतेकांचे लक्ष नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, असते, पण खरी मेख डोलकाठीच्या माथ्यावर असते. जेनोआचा हॅलयार्ड फोरस्टेच्या जोडणीखालून बाहेर पडतो. त्यावर स्पिनेकर चढवला, तर जाइब करताना (मागच्या वाऱ्यात शीड एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेताना) तो हॅलयार्ड फर्लरच्या फॉइलवर (फोरस्टेभोवती फिरणाऱ्या नळीवर) घासतो आणि फॉइलभोवती गुंडाळला गेला, तर जेनोआ ना उघडता येत ना मिटता येत. म्हणून फोरस्टेच्या वर आणि थोडी पुढे, सर्व बाजूंना फिरणारी कप्पी बसवून हॅलयार्ड तिच्यातून घ्यावा.

टॅकचा दोर ड्रमच्या पुढे, नाळेवरच्या भक्कम कप्पीतून कॉकपिटपर्यंत (चालकाच्या बसण्याच्या जागेपर्यंत) आणावा, म्हणजे वारा आडवा असताना तो ताणता येतो आणि मागून आला की सैल सोडता येतो. नाळेवरच्या नांगराच्या रोलरवर नांगर असेल तर तो आधी काढून ठेवावा. त्याचे टोक नायलॉनला क्षणात फाडते. दोन्ही शीट (शिडाचा मागचा कोपरा ओढण्याचे दोर) बोटीच्या लांबीच्या साधारण दुप्पट असाव्यात आणि त्या बोटीच्या मागच्या कोपऱ्यांवरच्या कप्प्यांतून घ्याव्यात. मोकळी (त्या वेळी वापरात नसलेली) शीट फोरस्टेच्या आणि स्पिनेकरच्याही पुढून फिरवावी, मात्र ती पाण्यात पडून इंजिनाच्या पंख्यात जाणार नाही इतकी ताणलेली ठेवावी.

शीड चढवण्यापूर्वी जेनोआ घट्ट गुंडाळून तिच्या शीटचे दोन-तीन वेढे वर घ्यावेत आणि फर्लिंगचा दोर पक्का बांधावा. मग मुख्य शिडाच्या आडोशाला, वाऱ्याआडच्या बाजूने, स्पिनेकर मोज्यासकट (त्याला झाकणाऱ्या लांब कापडी नळीसकट) वर न्यावा, पीळ नाही याची खात्री करावी आणि नंतरच मोज्याचे तोंड वर ओढावे. उतरवताना बोट वाऱ्याबरोबर वळवून शीट पूर्ण सोडावी. शीड फडफडू लागले की मोजा खाली येतो. फुगलेल्या शिडावर तो ओढत बसण्यात काही अर्थ नसतो.

मुंबईहून कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दुपारी वायव्येचा वारा पाठीशी असतो, म्हणून तिथे हे शीड फार उपयोगी पडते. मात्र तो फसवतोही. वारा मागून १६ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि बोटीचा वेग ६ नॉट असेल, तर कॉकपिटमध्ये १० नॉटचाच वारा जाणवतो. चालकदल दोघांचेच असेल, तर लाटांवर पांढरा फेस दिसू लागताच, आणि मासेमारीच्या जाळ्यांची बोयी जवळ येण्याआधीच, स्पिनेकर उतरवून जेनोआ उघडावी.