रिइन्स्टॉल करण्याआधी थांबा

ब्राउझर चालतोय, मोबाइलवर मेल येतेय, फक्त कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम, थंडरबर्ड, तेवढा ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ म्हणतोय. आणि मदत केंद्रवाले म्हणताहेत, सगळं काढून नव्याने टाका. तुमचं हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. नका काढू.

माझा प्रोग्राम दुसरा होता, दुखणं हेच. फोनवरच्या मुलाने आधी तीनदा मोडेम बंद-चालू करायला लावला, मग म्हणाला, अनइन्स्टॉल करा. करताना एक चौकट आली: ‘डेटाही काढायचा का?’ मी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, “हो मॅडम, हो करा.” केलं. माझं खातं पीओपीवर होतं, म्हणजे मेल एकदा कॉम्प्युटरवर उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची. 6 वर्षांचा पत्रव्यवहार गेला. नवा प्रोग्राम टाकला, तर तोच एरर! पुन्हा फोन केला तर दुसराच कोणी विचारतो, “बॅकअप नव्हता का घेतला?” असो. आठवलं की अजून डोकं फिरतं.

खरं कारण भलतंच होतं. चार दिवसांपूर्वी मेलचा प्रोग्राम अपडेट झाला, तेव्हा अँटिव्हायरसने याला इंटरनेटवर जाऊ द्यायचं का, असं विचारलं होतं. लाल चौकट बघून मी घाबरून ‘अडवा’ दाबलं. खाली ‘लक्षात ठेवा’वर आधीच टिक होती. त्याने इमानेइतबारे लक्षात ठेवलं! तो नियम अँटिव्हायरसमध्ये बसलेला, मग मेलचा प्रोग्राम शंभरदा टाकून काय होणार?

मी काही यातली तज्ज्ञ नाही आणि तुमचं कारण वेगळंही असू शकेल. पण मोबाइल त्याच वायफायवर असताना मेल येत असेल, तर लाइन आणि सर्व्हर दोन्ही ठीक आहेत. अँटिव्हायरस दोन मिनिटं बंद करून बघा. मेल आली तर लगेच चालू करा आणि त्याच्या फायरवॉलच्या (कुठल्या प्रोग्रामला इंटरनेटवर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) यादीत थंडरबर्ड शोधून परवानगी द्या. कायमचा बंद ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर मात्र यातलं काहीच स्वतः करू नका.

नाहीच जमलं तर सर्व्हरच्या सेटिंगमधले ‘पोर्ट’चे आकडे बघा. येणाऱ्या मेलला बहुधा 993 (पीओपी असेल तर 995), जाणाऱ्याला 587 किंवा 465. मेल येतेय पण जात नाही, असं असेल आणि तिथे 25 दिसला, तर संशय त्याच्यावर. बऱ्याच ठिकाणी तो अडवलेला असतो.

आणि हो, नेटवर शोधून मिळालेल्या ‘हेल्पलाइन’ला कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका.

पण या सगळ्याआधी थंडरबर्डच्या मदत मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तिथे प्रोफाइल फोल्डरचं बटण आहे; तुमच्या मेल आणि सेटिंग त्याच फोल्डरमध्ये असतात. फोल्डर कुठे आहे ते बघून ठेवा, थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग एररचे नेमके शब्द इथे लिहा.