डोस एक की तीन, आईचा जीन आणि हत्तीचं गुपित

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त कॅन्सरचे. दर वेळी सांगते तेच आधी सांगते, मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळे लावून नोकरी संपवलेली बाई आहे. त्यामुळे कुठलं औषध घेऊ हे मला विचारू नका, संशोधन काय म्हणतंय आणि आपण त्यातून काय घ्यायचं एवढं सांगू शकते.

दोन मुलींची आई, सांगली : मोठी १४ ची, धाकटी ११ ची. दोघींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस द्यायची आहे. आमच्या डॉक्टर दोन डोस म्हणतात, पुण्याची जाऊ तीन म्हणते, आता कुणीतरी म्हणतं एकच पुरतो. आणि सासूबाई म्हणतात या लसीनं मागे मुली दगावल्या होत्या. नक्की काय खरं?

अहो ताई, डोसांच्या बाबतीत तिघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या सालातले! २००६ मध्ये लस आली तेव्हा तीन डोस होते, २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधराच्या आतल्या मुलींना दोन पुरतील असं सांगितलं, आणि २०२२ मध्ये एक किंवा दोन. हा तीनवरून एकवर येण्याचा प्रवास ज्या थोड्या अभ्यासांच्या जोरावर झाला त्यातला एक मोठा अभ्यास आपल्या इथला आहे, आणि गंमत म्हणजे तो तसा करायचा असं कुणी ठरवलेलंच नव्हतं.

झालं असं. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी, त्यात आपल्याकडे बार्शी, पुणे आणि मुंबई, १० ते १८ वयाच्या मुलींवर अभ्यास सुरू झाला. प्रश्न साधा होता, दोन डोस तीनच्या बरोबरीनं काम करतात का. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. पण त्याच सुमाराला आंध्र आणि गुजरातमध्ये याच लसीचा एक वेगळाच प्रकल्प चालू होता, त्यातल्या सात मुली वारल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं या लसीच्या सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, ह्या अभ्यासाचंसुद्धा. तोवर १७,७२९ मुलींना लस टोचून झालेली. कुणाचे तिन्ही डोस झालेले, कुणाचे दोन, आणि ४,९४९ मुली अशा की पहिला डोस घेतला आणि दुसऱ्याची तारीख यायच्या आधीच सगळं बंद.

कुणीही म्हणेल अभ्यास बोंबलला. पण त्या लोकांनी मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली, सासरी गेल्या, बाळंतपणं झाली, आणि लग्नानंतर दीड वर्षानं किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, नमुना घ्यायचा असं ठरलेलं होतं. आता विचार करा, बार्शीच्या आसपासच्या खेड्यातली मुलगी लग्न होऊन कुठल्या कुठे गेलेली, तिला शोधायचं, घरच्यांना समजवायचं आणि तपासणीला राजी करायचं. मला या सगळ्या अभ्यासात तेच काम सगळ्यात अवघड वाटतं. दहा वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्हीचे जे दोन प्रकार सगळ्यात वाईट, १६ आणि १८ नंबरचे, त्यांचं टिकून राहणारं इन्फेक्शन एका डोसनं ९५.४ टक्के रोखलं, दोन डोसनं ९३.१ आणि तीन डोसनं ९३.३. म्हणजे एक डोस जास्त भारी असा अर्थ काढू नका, तिन्ही आकडे एकाच पातळीवरचे धरायचे.

यात खोट काय? एकच डोस मिळालेल्यांचा गट चिठ्ठ्या टाकून पाडलेला नव्हता, आणि मोजलं ते इन्फेक्शन, कॅन्सर नव्हे, कारण कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. पण नंतर केनियात नीट चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला, तिथंही दीड वर्षात एका डोसनं ९७.५ टक्के संरक्षण दिलं. आणि कॅन्सरचंच म्हणाल तर स्कॉटलंडचा २०२४ चा हिशोब आहे, ज्यांना १२-१३ व्या वर्षी लस मिळाली होती त्यांच्यात हा कॅन्सर झालेली एकही बाई सापडली नाही.

सासूबाईंचं ऐकलेलं खोटं नाही पण अर्धवट आहे. त्या मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली. एक बुडून गेली होती, एकीला साप चावला होता, दोघींनी कीटकनाशक घेतलं होतं, आणि मृत्यूंचा लसीशी संबंध लागला नाही. मात्र त्या प्रकल्पात पालकांची संमती ज्या ढिसाळपणे घेतली होती त्यावर संसदेच्या समितीनं कडक ताशेरे ओढले आणि ते बरोबरच होतं. लस चांगली आणि तो कारभार वाईट, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

राहिला तुमच्या दोघींचा प्रश्न. ९ ते १४ हे सगळ्यात चांगलं वय, दोघी त्यात बसतात, मोठीला पंधरा पूर्ण व्हायच्या आत उरकून टाका. पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅक लसीच्या कागदावर १४ पर्यंत दोन डोस आणि १५ पासून तीन असंच लिहिलंय, त्यामुळे तुमच्या डॉक्टर दोन म्हणाल्या तर त्या फसवत नाहीयेत, आणि पैशाची ओढाताण असेल तर एक डोससुद्धा काहीच न घेण्यापेक्षा कितीतरी बरा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींचं मात्र वेगळं, त्यांना एकावर भागत नाही.

एक वाचक, धाराशिव जिल्हा : २००० च्या सुमारास आमच्या गावात बायकांच्या तपासणीचं पथक आलं होतं. आईनंही तपासून घेतलं होतं. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. कारण उस्मानाबाद हे नाव कॅन्सरवाल्यांच्या जगात सगळ्यांना माहीत आहे आणि ज्या गावांनी ते मिळवून दिलं त्यांनाच पत्ता नाही.

टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था, असा तिघांचा तो गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह करून चार गटात वाटलेल्या. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याची पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायच्या, तिसऱ्या गटात पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आणि चौथ्या गटाला नेहमीचंच, म्हणजे माहिती द्यायची पण तपासणी नाही. एकदाच तपासणी, मग आठ वर्षं लक्ष ठेवायचं. २००९ मध्ये निकाल छापून आला. तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या, एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४. बाकी दोन तपासण्यांनी मृत्यूंमध्ये नक्की म्हणता येईल असा फरक पडला नाही.

आता मी स्वतः पॅपच्या स्लाइडा बघण्यात जन्म काढला, तरी सांगते, यात मला आश्चर्य वाटलं नाही. पॅपची स्लाइड दिसायला फार सुंदर असते, गुलाबी आणि निळसर हिरव्या पेशी, चादरीवर फुलं पसरल्यासारख्या, आणि त्यात कुठेतरी एखादी पेशी असते जिचं केंद्रक काळपट, सुरकुतलेलं आणि भोवती रिकामं पांढरट वलय. ती एक सापडली तर सापडली. सकाळी दहाच्या स्लाइडवर सापडते, संध्याकाळी साठावी स्लाइड असेल तर डोळे तिच्यावरून तसेच पुढे जातात, आणि ते आपल्याला कळतही नाही. एचपीव्ही टेस्ट मशीन करतं, त्याला संध्याकाळ होत नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली, चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं म्हणून. करणाऱ्यांचं म्हणणं असं की तेव्हा त्या भागात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, तेच नेहमीचं. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. पण आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही टेस्ट करा म्हणते त्याच्या मुळाशी तुमच्या आईसारख्या बायका आहेत, हे त्यांना जरूर सांगा. आणि तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांनी ही टेस्ट केलीय का तेही विचारा. नमुना आता स्वतःचा स्वतः घेतला तरी चालतो, टेबलावर झोपायची लाज वाटते म्हणून टाळणाऱ्यांची मोठी सोय.

एक वाचक, नागपूर : व्हॉट्सअॅपवर आलंय, टाटानं शंभर रुपयांच्या आतलं इंजेक्शन काढलं, कॅन्सर बरा होतो. फेक आहे ना?

अर्धं खरं, आणि ते अर्धं भारी आहे. इंजेक्शन नवं नाहीच, दाढ काढताना हिरडीत मारतात तेच, लिग्नोकेन, आपण झायलोकेन म्हणतो ते. आणि ते कॅन्सर बरा करत नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू करायच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीच्या चारी बाजूंनी ते टोचायचं, मग गाठ काढायची, बस. पेशंटला पूर्ण भूल असतेच, हे दुखू नये म्हणून नाही. गाठीला हात लागतो, दाबली जाते, तेव्हा काही पेशी चळतात आणि रक्तातून दुसरीकडे जाऊन बसू शकतात, त्याला हे औषध अडवत असावं असा अंदाज.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमनं अकरा केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर हे करून पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात, न मिळालेल्यांपैकी ८६.४. चार टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक, ऐकायला किरकोळ वाटतो, पण लाखांच्या औषधांनी कधीकधी एवढाही मिळत नाही. आता दुसऱ्या देशांतही कुणीतरी करून बघायला हवं म्हणजे खात्री पटेल, पण ज्या औषधात कुणाला नफा नाही त्याचा अभ्यास कोण करणार हा आमच्या धंद्यातलं जुनं रडगाणं आहे.

एक वाचक, ठाणे : आईला चाळिशीत ब्रेस्ट कॅन्सर झाला, मावशीलाही. मी ३४ ची. मला होणारच का? जीनची टेस्ट करू का? भावाचं म्हणणं, त्याचा काही संबंध नाही.

होणारच असं अजिबात नाही. ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये पाच ते दहा जणींचाच घराण्यातून आलेला असतो. पण दोन सख्ख्या बहिणी आणि तेही कमी वयात, म्हणजे टेस्टचा विचार करण्यासारखं घर आहे, हे खरं.

बीआरसीए नावाचे दोन जीन आहेत. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिल्याचा पत्ता १७ नंबरच्या क्रोमोसोमवर लावला, त्याआधी कॅन्सर असा घराण्यात चालत येतो म्हटलं तर बरेच शास्त्रज्ञ हसायचे. हे जीन खरं तर आपल्या बाजूचे, डीएनए तुटला की शिवणारे. बिघडलेला जीन घेऊन आलेल्या बाईला ऐंशीपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते, अंडाशयाच्या कॅन्सरची पहिल्या जीनमुळे ४४ आणि दुसऱ्यामुळे १७. आकडे मुख्यतः परदेशी बायकांचे आहेत हे लक्षात ठेवा.

भावाला सांगा, संबंध आहे. आईत बिघाड असेल तर तो तुमच्यात आणि त्याच्यात यायची शक्यता सारखीच, निम्मी-निम्मी. त्याला स्वतःला कदाचित काही होणार नाही (प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो), पण त्याच्या मुलीकडे जाऊ शकतो. म्हणूनच आजोळकडचंच नाही, वडिलांच्या बाजूच्या आत्या आणि आजीचंही विचारावं लागतं, आणि आपल्याकडे आजी कशानं गेली विचारलं की उत्तर येतं "पोटात काहीतरी झालं होतं".

पहिली टेस्ट तुमची नको, आई किंवा मावशी असतील तर त्यांची करा. त्यांच्यात बिघाड सापडला तर मग तुमच्यात नेमका तोच शोधायचा, उत्तर सरळ हो किंवा नाही. नाहीतर तुमचा रिपोर्ट "काही सापडलं नाही" आला तरी त्याचा अर्थ लागत नाही. आणि तिसरंच एक उत्तर येतं त्याची तयारी ठेवा, "बदल आहे, अर्थ माहीत नाही". म्हणजे बघा, "पाणी"चं "पाणि" लिहिलं तर चूक आहे पण तहान भागते, "दिन"चा "दीन" झाला की अर्थच बदलला. जीनमध्ये असे ऱ्हस्व-दीर्घ हजारो, कुठला निरुपद्रवी ते ठरवायला खूप लोकांचे जीन वाचलेले लागतात, आणि आत्तापर्यंत वाचले ते बहुतेक युरोपातल्या लोकांचे. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार लोकांचे वाचून झालेत, सुरुवात आहे. तोवर असल्या रिपोर्टवर घाबरून कुठलंही ऑपरेशन करून घेऊ नका. लॅबमध्ये परस्पर रक्त देऊ नका, आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला. ठाण्याहून खारघर लांब नाही, टाटाच्या तिथल्या केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं.

नववीतला विद्यार्थी, चिपळूण : शरीरात पेशी जास्त तर कॅन्सर जास्त व्हायला पाहिजे. मग हत्तीला सगळ्यात जास्त का होत नाही?

शाब्बास! हाच प्रश्न रिचर्ड पेटो नावाच्या शास्त्रज्ञाला पडला होता, त्याच्या नावानंच ओळखतात तो. हत्तीच्या मृत्यूंपैकी साधारण पाच टक्केच कॅन्सरनं होतात, माणसांत याच्या दुपटीहून जास्त. २०१५ मध्ये कारण हाती लागलं, निदान एक तरी. टीपी५३ नावाचा जीन आहे, बिघडलेल्या पेशीला थांबवणारा नाहीतर मारून टाकणारा. आपल्याकडे त्याची एक जोडी, हत्तीकडे वीस जोड्या. त्यामुळे पेशीच्या डीएनएला धक्का लागला की आपली पेशी दुरुस्ती करत बसते, आणि हत्तीची पेशी फार विचार न करता मरून जाते. काही माणसांत जन्मतःच दोनातला एक टीपी५३ खराब असतो, त्यांना आयुष्यात कॅन्सर होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत. देवमाशाकडे मात्र अशा जास्तीच्या जोड्या नाहीत आणि तो तर हत्तीहून कितीतरी मोठा, मग त्याचं कसं भागतं ते शोधून मला लिही.