जर्मनीत मास्टर्सचे क्लास सुरू होतायत आणि मी तीन आठवडे उशिरा पोचणार, पहिलं सेमिस्टर गेलं का?

अरे-तुरे करतेय, चालेल ना. तू लिहिलंयस की जर्मनीत ॲडमिशन मिळालीये, लेक्चर ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतायत पण व्हिसा अजून हातात नाही, पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडणार, आणि तीन आठवडे बुडाले तर पहिलं सेमिस्टर वाया जाईल का या विचाराने झोप उडालीये. २०१८ला मी पण अशीच सांगलीत घरी बसून दिवसातून दहा वेळा पासपोर्ट कुठवर आला ते बघत होते. तेव्हा मला जे कोणी सांगितलं नाही ते सगळं लिहिते, लांबलं तर लांबू दे.

आधी तातडीचं. आजच्या आज युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक आणि दोनच गोष्टी विचार, नाव नोंदवायची शेवटची तारीख काय आणि व्हिसामुळे उशीर झाला तर ती वाढवून मिळते का. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचा कागद जोड, उत्तर लेखी घे. सीनियर म्हणतात "अरे चालतं, सगळेच उशिरा येतात", पण प्रत्येक युनिव्हर्सिटीचा नियम वेगळा आहे आणि बऱ्याच ठिकाणी ॲडमिशन पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, परत अर्ज करावा लागतो. सेमिस्टरची फी भरणं आणि हेल्थ इन्शुरन्स ही कामं भारतातूनच उरकून घे. इन्शुरन्सवाल्यांनी युनिव्हर्सिटीला ऑनलाइन कळवल्याशिवाय नाव नोंदलं जात नाही, आणि नाव नाही तर लॉगिन नाही, लॉगिन नाही तर नोट्स नाहीत.

आता तुझा खरा प्रश्न. तीन आठवड्यांनी सेमिस्टर जात नाही. ते कशाने जातं ते मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते.

मी गेले मॅग्डेबुर्गला, केमिकल अँड एनर्जी इंजिनिअरिंगला. ज्या ओटो फॉन गेरिकेच्या नावाने ती युनिव्हर्सिटी आहे तो तिथला महापौर होता आणि १६५०च्या दशकात त्याने दोन धातूचे अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले तरी ते सुटेनात, शाळेत हवेच्या दाबाच्या धड्यात वाचलेला तो प्रयोग. आपण त्या गावात शिकायला आलोय याचं मला फार अप्रूप होतं, अजून आहे. पोचले २५ ऑक्टोबरला, गुरुवारी, आणि दुसऱ्या दिवशी लगेच लेक्चरला. टाइमटेबलवर ११ ते १ लिहिलेलं, मी पावणेअकराला हजर, हॉलमध्ये तीन माणसं. अकरा वाजून गेले तरी तेवढीच. मग हळूहळू सगळे आले आणि बरोबर सव्वाअकराला प्रोफेसरांनी सुरवात केली. जर्मन युनिव्हर्सिटीत ही पंधरा मिनिटांची जुनी पद्धत आहे, वेळेपुढे सी.टी. असेल तर सव्वाला सुरू, एस.टी. असेल तर ठोक्याला. परीक्षा मात्र दिलेल्या वेळेलाच, तिथे पंधरा मिनिटं धरून चालू नकोस. लेक्चर संपल्यावर सगळ्यांनी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. मी दचकले, शेजारच्या मुलीने सांगितलं की इथे टाळ्यांऐवजी असं करतात.

उशीर का झाला हे सांगायला मी इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून गेले होते. लेक्चरनंतर प्रोफेसरांकडे गेले, ते म्हणाले स्लाइड्स मूडलवर (युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पोर्टलवर) आहेत, युबुंग मंगळवारी असतो, तिथे या. बस. कुणी कारण विचारलं नाही, कागद मागितला नाही, माझं नाव कुठल्या यादीत लाल शाईने लिहिलं नाही. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या मुलीला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे ७५ टक्के हजेरी, डिफॉल्टर लिस्ट, घरी फोन, सबमिशनच्या आधी रात्र जागून जर्नल पूर्ण करणं, म्हणजे कॉलेज तुम्हाला कॉलरला धरून परीक्षेपर्यंत आणून सोडतं. इथे लॅब आणि काही सेमिनार सोडले तर हजेरी नाहीच. ऑक्टोबर ते जानेवारी कुणी तुला काही म्हणणार नाही. सगळं इतकं शांत असतं की वाटतं छान चाललंय, आणि त्या शांततेतच माझं पहिलं सेमिस्टर घसरलं.

युबुंग म्हणजे काय ते नीट समजून घे कारण मला समजलं नव्हतं. लेक्चरमध्ये प्रोफेसर थिअरी सांगतात, त्याच विषयाचा दर आठवड्याला नाहीतर आड आठवड्याला युबुंगचा तास असतो, त्यात गणितांची शीट सोडवतात, बहुतेक वेळा घेणारा पीएचडी करणारा असतो. शीट आधीच मूडलवर टाकलेली असते. मला वाटलं हे आपल्या ट्युटोरियलसारखं, सर फळ्यावर सोडवणार, आपण उतरवून घ्यायचं. मी सगळं उतरवून घेतलं, सुबक अक्षरात, लाल-निळ्या पेनाने, वही बघितली असतीस तर कौतुक केलं असतंस. पण बाकीचे शीट घरी करून आलेले असायचे, निदान अर्धी, आणि तासाला अडलेलं तेवढं विचारायचे. तो ट्यूटर दर वेळी मान वर करून विचारायचा की दुसऱ्या गणितात कुणाचं काय उत्तर आलं, आणि मी खाली बघायचे. विषय हीट अँड मास ट्रान्सफर, बीईला झालेला, मार्कही चांगले होते, त्यामुळे फळ्यावरचं सगळं कळायचं आणि कळतंय म्हणजे येतंय असं मी धरून चालले.

फेब्रुवारीत परीक्षा, पूर्ण १०० टक्के मार्क त्या एका पेपरला, मिडसेम नाही, टर्मवर्क नाही, इंटर्नल नाही. दोन तास. पेपर हातात आला आणि पहिल्याच गणितात समीकरण कुठून मांडायला सुरवात करायची ते सुचेना, कारण चार महिन्यांत मी कोऱ्या कागदावर एकही गणित स्वतः सुरू केलं नव्हतं. निकाल ५.०. इथे १.० सगळ्यात चांगला, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आयुष्यात कधी एटीकेटी लागली नव्हती.

आठ दिवस घरी सांगितलं नाही. घर तारण ठेवून लोन काढलेलं, आई रोज फोनवर विचारायची आणि मी थंडीचं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचे. शेवटी बाबांना सांगितलं. त्यांचं हळदीचं दुकान आहे, माणूस मोजकं बोलणारा, त्यांनी एकच विचारलं, परत फी भरावी लागते का. म्हटलं नाही. म्हणाले, मग बस परत. त्या दिवशी मी रडले ते अपमानाने नाही, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघी बसलो, एक इराणची मुलगी, एक आपली नांदेडची आणि मी. दर बुधवारी संध्याकाळी लायब्ररीत ग्रुपवाली खोली बुक करायची, शीट काढायची आणि नियम एकच, वही मिटून कोऱ्या कागदावर सुरवात करायची, वीस मिनिटं कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पहिले दोन आठवडे फार जड गेलं, दोन तासांत एक गणित व्हायचं. मग हात बसला. २.३ आले. विषय तोच, स्लाइड्स त्याच, अभ्यासाचे तासही फार वाढले नव्हते.

तासांवरून आठवलं, क्रेडिटचा हिशोब एकदा मांडून बघ. एका क्रेडिटला साधारण २५ ते ३० तास काम धरलेलं असतं. ५ क्रेडिटचा विषय म्हणजे ३०च्या हिशोबाने १५० तास. लेक्चर आणि युबुंग मिळून आठवड्याला ४ तास, १४ आठवडे, म्हणजे ५६. उरलेले ९४ तास तू एकट्याने बसायचेत असं गृहीत धरूनच तो विषय आखलेला आहे, ते टाइमटेबलवर दिसत नाहीत एवढंच. टाइमटेबल रिकामं दिसतं म्हणून पहिल्याच महिन्यात डिलिव्हरीचं नाहीतर वेअरहाउसचं काम धरणारी मुलं मी दर वर्षी बघते. पैशाची अडचण मला कळते, माझं पण लोन होतं, पण पहिल्या सेमिस्टरला नोव्हेंबर-डिसेंबर तरी काम घेऊ नकोस, जमत असेल तर फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत नकोच. आणि ३० क्रेडिट प्लॅनमध्ये लिहिलेत म्हणून सगळे विषय घेतलेच पाहिजेत असंही नाही, तू उशिरा पोचणार आहेस, एक विषय पुढे ढकललास तर काही बिघडत नाही, फक्त तो दर सेमिस्टरला असतो की वर्षातून एकदाच ते मॉड्यूल हँडबुकमध्ये, म्हणजे कोर्सच्या सगळ्या विषयांची माहिती असते त्या पुस्तिकेत, बघून ठरव.

परीक्षेचं अजून एक, आणि हे विसरलास तर बाकी सगळा अभ्यास फुकट. कोर्सला बसलास म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची मुदत ठरलेली असते, ती गेली की गेली. नाव काढून घ्यायची पण शेवटची तारीख असते, त्यानंतर गेला नाहीस तर नापास धरतात, आजारी असशील तर डॉक्टरचा कागद लागतो. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न मिळतात आणि सक्तीच्या विषयात तिसरा पण गेला तर कोर्समधून नाव जातं, तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे करणंही सहसा बंद होतं. घाबरवत नाहीये, पण "बघू, देऊन तर बघू" म्हणून पेपर द्यायची आपली सवय इथे महागात पडते.

पोचल्यावरचा पहिला आठवडा कागदपत्रांत जाईल. राहायचा पत्ता नोंदवणं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, दोन आठवड्यांत करायचं असतं आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच माग. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाहीत म्हणून भारतातूनच बुक करून ठेव. या कामांसाठी लेक्चर बुडवलंस तर चालेल, युबुंग बुडवू नकोस.

मेल लिहिताना रिस्पेक्टेड सर नको, डिअर प्रोफेसर आणि पुढे आडनाव, तीन ओळीत काम सांग. त्यांना ठरलेल्या वेळी भेटता येतं, आणि कुठे अडलंय ते कागदावर घेऊन गेलास तर अर्धा अर्धा तास समजावून देतात, मला तर एकदा समोर फळ्यावर खडू देऊन उभं केलं होतं, आणि त्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकले तेवढं महिनाभराच्या लेक्चरात शिकले नव्हते. आपल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच, खोलीसाठी, सायकलसाठी, कुकरच्या शिट्टीसाठी पण तो सोन्यासारखा आहे. अभ्यासासाठी फक्त त्याच्यावर राहू नकोस, तिथे सोडवलेल्या शीट फिरतात आणि त्या वाचून परत तेच होतं, कळतंय म्हणजे येतंय.

अंधाराचं पण सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, घरच्या वेळेत साडेतीनचं अंतर साडेचार तास होतं, आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. मला वाटायचं माझ्यातच काही बिघडलंय, नुसतं झोपावंसं वाटायचं. दिवाळी त्या वर्षी ७ नोव्हेंबरला होती, बुधवार, सकाळी लॅब, मी खोलीत एक पणती लावली आणि निघाले. अशा दिवसांत दुपारी मेन्झात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, कुणासोबत तरी जेवायला बस, एकट्याने खोलीत मॅगी खाऊ नकोस.

आत्ता व्हिसाची वाट बघत बसलायस ना, तर एक कर. तुझ्या कोर्सचा एखादा सीनियर शोध आणि त्याच्याकडून सगळ्यात अवघड विषयाच्या पहिल्या तीन शीट माग, उत्तरं नकोत म्हणून सांग. रोज सकाळी एक गणित, कोऱ्या कागदावर. तू पोचशील तेव्हा तिथले लोक चौथ्या शीटवर असतील.