पाणी कुठं जातं?

पोरी,

रविवारी तू गेलीस आणि तुझ्या आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टच्या शीटांची गुंडाळी आमच्या दिवाणावरच राहिली. पावसामुळं ठेवून गेलीस की विसरलीस, ठाऊक नाही. चार दिवसांत मी ती तीनदा उघडली. काकू म्हणाली, "पोरगी विचारत होती तेव्हा पावसापाण्याच्या गप्पा मारल्यात, आता कशाला बघत बसलाय?" बरोबर आहे तिचं. तोंडावर बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितो.

ज्युरीतले एक सर म्हणाले, हे शिल्प झालं, इमारत कुठाय. दुसऱ्या बाईंनी 'बोल्ड' म्हणून पाठ थोपटली. आणि तू माझ्याकडं तिसरं मत मागायला आलीस. त्या दोघांचंही सोडून दे, कारण विचारायचं ते दोघांनीही विचारलं नाही. हरिपूरला हळदीचं संग्रहालय, तीन हळकुंडं एकमेकांना चिकटावीत तशी तीन छपरं. बरं. पण दोन गोल छपरं जिथं भेटतात तिथं घळ होते. त्या घळीत तू काय दाखवलंयस? एक रेघसुद्धा नाही. आषाढातलं पाणी तिथून कुठं जातं?

चाळीस वर्षं आरसीसीची डिझाइनं केली, त्यातून माझ्याकडं हा एवढाच प्रश्न उरलाय. तुला तो किरकोळ वाटेल. प्लंबरचा वाटेल. वाटू दे.

फोनवर तू बिल्बाओचं गुगनहाइम दाखवलंस, प्रागची नाचणारी इमारत, रॉटरडॅमची कोपऱ्यावर उभी केलेली चौकोनी घरं. म्हातारा नाक मुरडणार असं तू धरूनच चालली होतीस. अगं, सिडनीच्या ऑपेरा हाउसचा मासिकातून कापलेला फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली कॉलेजपासून आहे. 1957 साली डेन्मार्कच्या उटझन या आर्किटेक्टनी त्याच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली तेव्हा त्या शिडांसारख्या छपरांना धड भूमितीच नव्हती, नुसती हातानं मारलेली वळणं. बांधायची कशी, हे कुणालाच सांगता येईना. काही वर्षं डोकेफोड झाली आणि मग सापडलं: सगळी शिडं एकाच गोलाचे तुकडे धरायचे, एका संत्र्याच्या सालीचे काढावेत तसे. म्हणजे बरगड्या मोजक्या साच्यांत ओतता येतात. वरच्या टाइल्स दहा लाखांहून जास्त आहेत, पण एकेक टाइल हातात घेऊन कुणी त्या उतारावर चढलं नाही. जमिनीवर साच्यात टाइल्स पालथ्या मांडल्या, मागून काँक्रीट ओतलं आणि तयार झाकणं वर नेऊन बसवली. आमच्या सेंटरिंगवाल्याला हे सांगितलं तर तो हातातली बिडी विझवून ऐकेल, तुझ्या 'बोल्ड' बाई ऐकतील की नाही शंका आहे.

पुढचंही ऐक. 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला, सरकारशी खटके उडाले, 1966 मध्ये उटझन काम सोडून गेले. 1973 ला उद्घाटन झालं, पण पुरी झालेली इमारत त्यांनी शेवटपर्यंत बघितली नाही. असल्या नादाला लागू नकोस, असं तुझे बाबा यावरून म्हणतील. मी म्हणणार नाही. नादाला लागच. पण गोल सापडेपर्यंत झोपू नकोस, आणि तुझा गोल म्हणजे ती घळ.

मोठ्या माणसांचंही पाण्यानं हसं केलंय. फ्रँक लॉइड राइट यांचं फॉलिंगवॉटर, 1937 च्या सुमारास बांधलेलं, थेट धबधब्यावर. जगातलं देखणं घर. मालकानं त्याला 'सात बादल्यांची इमारत' म्हटलं होतं म्हणतात, कारण पावसात गळतीखाली तेवढ्या बादल्या लागायच्या. ते पुढं आलेले काँक्रीटचे सज्जे खाली झुकत गेले, शेवटी 2002 मध्ये आतून पोलादी केबल ताणून सावरले. बिल्बाओवाल्या गेहरींच्या फर्मवर अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 मध्ये दावा लावला. स्टाटा सेंटर नावाची त्यांची इमारत, वाकड्या भिंतींची. तक्रार कशाची? गळती, तडे, बुरशी, पाणी न वाहून जाणं. पुढं तडजोड झाली. कुणाची किती चूक त्यात मी पडत नाही. पण एवढ्या मोठ्या लोकांच्या कागदावरही पाणी मुरलं, तर तुझ्या शीटवर का मुरणार नाही?

आणि ते हैदराबादच्या मत्स्य मंडळाचं माशाच्या आकाराचं ऑफिस तू मला उदाहरण म्हणून दाखवू नकोस. माशांच्या खात्याला मासा, म्हणजे दुकानावरची पाटी मोठी करून आत टेबलं टाकली. ओहायोत टोपल्या विकणाऱ्या कंपनीनं 1997 ला सात मजली टोपलीच बांधली होती, वर दोन कड्यांसकट. कंपनी 2016 ला तिथून गेली, टोपली राहिली. आता तिचं करायचं काय? तुझं हळकुंड मला त्याच वाटेला लागलेलं दिसतं, म्हणून चिडतोय.

त्याहून जास्त चिडलो ते तळघरावर. पेवाची आठवण म्हणून खाली दालन काढलंस. हरिपुरात! कृष्णा-वारणेच्या संगमावर! पेव तू बघितलंयस का कधी? वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली मोठं पोट, नुसत्या मातीत खणलेलं. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही. उतरायच्या आधी तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, विझला तर कुणी उतरायचं नाही. आणि असली कितीतरी पेवं 2005 च्या पुरात पाणी शिरून गेली. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 45 फूट म्हणजे धोका, हे तू शाळेत जायच्या आधी शिकलीस. 2019 ला 57 च्या वर गेलं तेव्हा तुमचंच घर खाली करून तुम्ही आमच्या माडीवर होतात. आणि त्याच पोरीनं हरिपुरात तळघर काढावं? पुण्याच्या हॉस्टेलवर पाच वर्षं राहिली की आयर्विन विसरतो वाटतं.

रागावू नकोस. त्या पेवाच्या पोटातच तुझी इमारत आहे असं मला वाटतं. फक्त ते जमिनीवर काढ, खांबांवर उचल, काय हवं ते कर.

आर्किटेक्ट केरे यांचं नाव तू घेतलंस म्हणून सांगतो. बुर्किना फासोतल्या आपल्या गांदो गावी त्यांनी शाळा बांधली ती 2001 मध्ये, तेव्हा ते बर्लिनला शिकतच होते. म्हणजे तुझ्याचसारखे. भिंती गावच्या मातीच्या विटांच्या, गावकऱ्यांनी रचलेल्या. छप्पर साधा पत्रा, पण छतापासून वेगळा वर उचललेला, म्हणजे मधून गरम हवा निघून जाते. आणि पत्रा भिंतीच्या बराच पुढं काढलाय. का? मातीला पाऊस लागू नये म्हणून. त्या फोटोतला तो तरंगणारा पत्रा तुला 'एलिगंट' वाटला, ती आपल्या आजीच्या घराची वळचण आहे गं. 2022 ला त्यांना प्रित्झकर मिळालं, आर्किटेक्टांचं सगळ्यात मानाचं पारितोषिक.

लांब जायचं नसेल तर साताऱ्याजवळ लिंबला जा, बारा मोटांची विहीर बघ. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधली. वरून शिवलिंगाचा आकार, आत चक्क महालासारखी खोली, वर मोटा चालवायच्या जागा. त्या माणसांनी पहिली रेघ पाण्याची मारली असणार आणि मग आकाराला सुटली असणार. दोन तास बस तिथं, फोटो काढू नकोस.

आता माझं सांगतो, नाहीतर तू म्हणशील काकांनी आयुष्यभर चौकोनी खोकी काढली आणि मला शिकवतात. खरंच काढली. पण 1987 ला मी एक मंगल कार्यालय केलं, इथून तासाभरावरच्या तालुक्याच्या गावी. मेक्सिकोच्या कँडेला या आर्किटेक्टच्या काँक्रीटच्या उलट्या छत्र्यांचं, म्हणजे तशा छपरांचं, वेड लागलं होतं. छत्री उलटी, पाणी मधोमध गोळा होणार, खांबातल्या पाइपानं खाली जाणार. चार छत्र्या, जाडी तीन इंच. मिस्त्रीनं सरळ फळ्यांवर ते वळण असं बसवलं की अजून आठवलं की बरं वाटतं. दुसऱ्याच पावसाळ्यात, भर लग्नात, अक्षता पडत असताना वरून धार लागली. आधी वराच्या फेट्यावर, मग जिलबीच्या परातीत. शेजारच्या चिंचेचा पाला पाइपात बसला होता आणि वर गुडघाभर पाणी. पुढच्या वर्षी मालकानं त्यावर पत्र्याची शेड मारली. तीस-पस्तीस वर्षं माझ्या छत्र्या शेडखाली आहेत.

मी सगळ्यांना सांगत आलो की मालकानं साफसफाई केली नाही. ते खरंही आहे, वर्षातून एकदा माणूस चढवायला काय जातं? ठेकेदारानं चारच्या जागी तीन इंची पाइप घातला, असंही सांगत आलो. पण तुझी घळ बघून परवा रात्री मी जुना ड्रॉइंगचा ट्यूब काढला. पाइप तीन इंचीच लिहिलाय, माझ्याच अक्षरात. जाळी नाही. चिंच साइट प्लॅनवर नाही. त्यानंतर मी एकही वळण काढलं नाही, गावाला कळत नाही म्हणून, असं म्हणत राहिलो.

मालकाचा मुलगा आता शेड काढायचं म्हणतोय. दोनदा फोन आला, बघून जा म्हणून. मी गेलो नाही. गुंडाळी न्यायला येशील तेव्हा तुझं मॉडेलही आण, आधी आमच्या मोरीत नळाखाली धरू. मग उघडीप बघून तिकडं जाऊ. शिडी त्यांच्याकडं आहे. रबराची चप्पल घाल, वर शेवाळ असणार.

काका