आकडा म्हणजे आकडा

मित्रा,

"खाली अंधुक दिवे दिसत होते, म्हणून अजून शंभर फूट उतरलो. चुकलं का?" असं विचारलंस, ढगातून रनवेकडे येताना ठरलेल्या किमान उंचीखाली जाण्याबद्दल. चुकलं. सिम्युलेटर होता म्हणून आज विचारतोयस तरी.

दिवे कसले होते? रनवेच्या आधीचे ॲप्रोच लाइट्स, रनवेचा उंबरठा, कडेचे दिवे, यातलं काही ओळखू आलं का? हायवेचे आणि पेट्रोल पंपाचे दिवे धरायचे नाहीत. चार्टवरची किमान उंची आली, रनवे ओळखू येत नाही, की गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. आकडा म्हणजे आकडा.

आणि तो फक्त शेवटच्या टप्प्याचाच नसतो. 27 नोव्हेंबर 2022 ला मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला अंधार पडलेला, ढग पार खाली आलेले. दोघांना घेऊन निघालेलं मूनी एम20जे हे छोटं विमान रनवेच्या मैलभर आधीच हाय-टेन्शनच्या टॉवरमध्ये घुसलं आणि जमिनीपासून सुमारे 100 फुटांवर अडकलं. दोघं वाचले, पण सुटका व्हायला सातेक तास लागले. ॲप्रोचच्या, म्हणजे रनवेकडे उतरत येण्याच्या, प्रत्येक टप्प्याला किमान उंची ठरलेली असते. विमान तिच्याखाली आधीच गेलं होतं.

अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारा काटा, दोनदा तपास. त्यात हवेचा दाब 29.62 इंचांऐवजी 29.92 राहिला, तर विमान काट्यापेक्षा 300 फूट खाली असतं, आणि काटा काही बोलत नाही.

तीन अंशांच्या उतारावर 90 नॉट्सने मिनिटाला सुमारे 480 फूट उंची जाते. 200 फुटांवरून जमीन 25 सेकंदांवर. एवढ्यात कसला विचार करणार आहेस? विचार आधीच संपवून ये, बाबा.

गो-अराउंडला पूर्ण पॉवर, नाक वर. चढतोय हे काट्यांवर दिसलं की गिअर, म्हणजे चाकं, आत, आणि पंखांचे फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने. अंधारात वेग वाढला की कानातली तोलाची जाणीव सांगते, नाक फार वर चाललंय, आणि हात आपोआप ते खाली दाबतो. अशाने चांगली चढणारी विमानं जमिनीत गेली आहेत. कानाचं ऐकू नकोस, पॅनेलवरचा कृत्रिम होरायझन बघ.

मला हेकट म्हणतात. म्हणू देत. पूर्वी हेच मी मऊ शब्दांत सांगायचो, त्याचीच मला खंत आहे. मऊ सांगितलेलं रात्री, पावसात, घरी पोचायची घाई असताना आठवत नाही.

आकडा म्हणजे आकडा, पण तो पाळायला टाकीत तेल लागतं. पुढच्या सेशनला कागदावर लिहून आण: मुक्कामापर्यंतचं इंधन, तिथून अल्टरनेटपर्यंतचं (तिथे उतरता आलं नाही तर जायचा दुसरा विमानतळ), आणि वर 45 मिनिटांचं. अल्टरनेटचं हवामान निघण्याआधी बघितलेलं असू दे.