वाचकांचे प्रश्न : जुनी फाइल नवी का दिसते?

प्रश्न : सॉफ्टवेअर उत्क्रांतीवरच्या विद्यार्थी-परिसंवादात निबंध मांडायचा आहे. गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) इतिहासातून फाइलींचे वय काढले, तर कित्येक जुन्या फाइली कालपरवाच्या दिसतात. असे का?

उत्तर : गिट फाइलीच्या नामांतराची नोंद ठेवतच नाही, जुन्या-नव्या फाइलींचा मजकूर ताडून अंदाज बांधते. साम्याची मूळ मर्यादा ५० टक्के. नाव बदलतानाच मजकूरही निम्म्याहून अधिक बदलला, की जुनी फाइल गेली आणि नवी जन्मली! इतिहास दाखवणाऱ्या 'लॉग' आज्ञेला 'फॉलो' पर्याय जोडा, म्हणजे नामांतरापूर्वीचा इतिहासही दिसेल. तो एका वेळी एकाच फाइलवर चालतो, तेव्हा सगळ्या फाइलींसाठी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहावी लागेल. साम्याची मर्यादा ४०, ५० आणि ७० टक्के ठेवून निघणारे वयाचे तिन्ही आकडे स्लाइडवर द्या, परीक्षक हेच विचारतात. शिवाय तारीख लेखकाची (बदल मुळात केला तेव्हाची) घ्या. रीबेस केल्यावर, म्हणजे जुने बदल नव्या पायावर पुन्हा रचल्यावर, कमिटरची (बदल इतिहासात नोंदवणाऱ्याची) तारीख बदलते.